आप्पांची शंभर टक्के चूक

घोटावड्यात मी चार वर्षं ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहिलो, त्या घरमालकांना सगळा गाव आप्पा म्हणायचा, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. खरं नाव इथं लिहिणार नाही. लिहिलं तर ते वाचतील, आणि वाचलं की या लिहिण्यात चूक कुणाची हे ठरवायला मला बोलावून घेतील. हिंजवडीतल्या ऑफिसात मी भलेभले साहेब सोसलेत, पण आप्पांच्या समोरच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पुन्हा बसायची माझी तयारी नाही.

पहिल्या भेटीत मी त्यांच्या पायाशीच पडलो होतो. नमस्काराला नव्हे, खरोखरच पडलो होतो. खोली बघायला मोटरसायकलवरून आलो, फाटकापाशी चिखलात चाक सरकलं आणि मी गाडीखाली. आप्पा खुर्चीत बसून तंबाखू मळत होते. ते सावकाश उठले, जवळ आले, माझ्याकडं, गाडीकडं आणि चाकाच्या खुणेकडं आळीपाळीनं बघितलं, आणि हात द्यायच्या आधी निकाल दिला.

"ऐंशी टक्के तुमची. ईस टक्के चिखलाची."

"चिखल तुमच्या दारातला आहे," मी खालूनच म्हणालो.

"म्हणून तर ईस धरली. दुसऱ्याच्या दारात असता तर धाच धरली असती."

मग हात दिला, आणि खोलीही दिली. चिखल मात्र चार वर्षं तिथंच होता.

जगात जे काही घडतं ते कुणाच्या तरी चुकीनं घडतं, आणि ती चूक शेकड्यात वाटून दिल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही, असा आप्पांचा नेम होता. दूध उतू गेलं की साठ टक्के काकूंची आणि चाळीस टक्के ग्यासची. लाइट गेली की नव्वद टक्के वायरमनची आणि दहा टक्के, का कोण जाणे, माझी. वाटणी कितीही बदलली तरी आप्पांच्या वाट्याला कधी काही यायचं नाही. एकदा त्यांनी स्वतःच टाकीचा कॉक उघडा ठेवला आणि अकराच्या अकरा खोल्यांचं पाणी वाहून गेलं. सगळे भाडेकरू अंगणात जमले. आप्पांनी वर बघत बराच विचार केला आणि म्हणाले, "शंभर टक्के कॉकची." काकू घरातून ओरडल्या, "आनि ह्यांच्याशी माजं लगीन झालं, त्यात कुनाची किती, ते बी एकदा सांगा म्हनावं." त्यावर मात्र आप्पा तंबाखूची पुडी शोधायला लागले.

जमीन त्यांनी गुंठ्यागुंठ्यानं विकली होती. उरलेल्या तुकड्यावर घर, खोल्यांची रांग आणि रस्त्याकडेला ती खुर्ची. समोर एक वाईट वळण होतं, आणि आसपास कारखाने झाल्यापासून तिथं आठवड्याला एखादी तरी धडक व्हायची. आप्पा खुर्चीखाली फक्कीचा डबा ठेवत. कबड्डीच्या मैदानावर रेघा मारायला वापरतात ना, तीच पांढरी पूड. धडक झाली की हे डबा घेऊन रस्त्यात. चाकं कुठं होती, कोण कुठून आला, कुणी कधी ब्रेक दाबला, सगळ्याच्या रेघा मारायचे आणि टक्के सांगायचे. गंमत म्हणजे लोक ऐकायचे. पोलीस येईपर्यंत निकाल लागून दोघं चहा पीत बसलेले असायचे. "पोलीस काय करनार? लिवून घेनार. चूक कळाया नजर लागती," असं आप्पा म्हणायचे. ती नजर त्यांना जन्मजात होती. फक्त ती आरशात चालत नसे.

कारण गाडी चालवताना हाच माणूस इंडिकेटर देत नसे. त्यांच्याकडं एक छोटी जुनी कार होती, ती ते रस्त्याच्या बरोब्बर मधून चालवत. वळायचं आलं की वळत. मी पहिल्यांदा त्यांच्याशेजारी बसलो तेव्हा भीत भीत म्हणालो, "आप्पा, इंडिकेटर?"

"कशाला? मी कुटं वळनार ते गावाला ठावं हाय."

"पण आता बाहेरचे लोक किती आलेत!"

"मंग त्यांनी इचारावं."

विचारायचं म्हणजे मागच्या गाडीतून उतरून काच ठोठावायची की काय, ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या भागात असे बरेच आहेत. आजोबांच्या काळापासून ज्या वाटेनं बैल आपोआप वळत होते, तिथं आता चार सिलेंडरच्या गाडीनंही आपोआप ओळखीनं वळावं, आणि मागच्यानं समजून घ्यावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

तर या माणसानं आयुष्यात एकदाच, आणि तेही शंभर टक्के, चूक कबूल केली. तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि माझ्या मांडीवर दीड किलो मटण होतं.

मटण व्याह्यांसाठी होतं. आप्पांची एकुलती एक मुलगी शीतल सूसला दिली होती. व्याही सूसचे जुने जमीनदार, म्हणजे आता जमीन कमी आणि दार जास्त. बंगला मोठा आणि गाडी त्याहून मोठी. ती दारात उभी केली की पाहुण्यांना घर शोधावं लागे. शीतलला पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात नोकरी लागत होती आणि सासरे 'बघू' म्हणत होते. आमच्याकडं 'बघू' म्हणजे 'नाही'चं नेसवून आणलेलं रूप. त्या रविवारी व्याही त्याच बोलण्यासाठी शीतलला घेऊन जेवायला येणार होते. आप्पांनी आठवडाभर आधी मला सांगून ठेवलं होतं, "सायेब, तुमी बी जेवायला या. शिकलेला मानूस पंगतीला असला की जरा वजन पडतं."

आम्ही मटण घेऊन परत येत होतो. घराजवळ आलो तेव्हा आरशात मागून ती भली मोठी गाडी दिसली. मी म्हणालो, "आप्पा, मागून व्याही आले वाटतं." आप्पा म्हणाले, "येऊ द्या," आणि नेहमीप्रमाणे, काही न दाखवता, उजवीकडं फाटकात वळले.

धडक फार मोठी नव्हती. आमच्या गाडीचा मागचा उजवा कोपरा आत गेला, त्यांची पुढची जाळी तुटली, आणि मटण माझ्या मांडीवरून समोरच्या काचेवर गेलं. कुणाला लागलं नाही. मी मान वळवून बघितलं तर व्याह्यांच्या कानाला अजून फोन होता आणि ते ताम्हिणीतल्या कुठल्या तरी प्लॉटबद्दल बोलत होते. "जरा थांबा, हितं एकानं आडवी घातली," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि खाली उतरले.

मी वाट बघत होतो फक्कीच्या डब्याची. घरचं मैदान, घरचं वळण, समोरच्याच्या हातात फोन. आप्पांसाठी यासारखी पर्वणी नव्हती. आप्पा उतरले. व्याह्यांच्या समोर गेले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले,

"पाव्हणं, चूक माझीच. शंभर टक्के माझी."

मला वाटलं, डोक्याला मार लागला. पण मार डोक्याला नव्हता. मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं असतं, हा तो जुना मार. मुलगी दिली तेव्हाच मान दिलेली असते, आणि आज तर नोकरीचं बोलायचं होतं. मला त्या टोपीकडं बघून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाला कुणापुढं तरी वाकताना बघायला मिळालं होतं.

व्याह्यांनी वाकलेली पाठ बघितली आणि तिच्यावर बसून घेतलं. "तोंडी नको," ते म्हणाले. "लिवून द्या. तुमची कंपनी माज्या गाडीचं बघंल." मग बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं आणि आप्पांनी सही केली: आज रोजी झालेल्या अपघातात संपूर्ण चूक माझी असून समोरच्यांची काहीही चूक नाही. शीतल सासऱ्यांच्या गाडीच्या मागच्या दारापाशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती काहीतरी म्हणायला गेली, पण काकूंनी तिला हाताला धरून आत नेलं.

मग सगळ्यांनी तेच मटण खाल्लं. व्याह्यांनी तांबड्या रश्श्याची तोंडभरून स्तुती केली आणि हात धुताना म्हणाले, "नोकरीचं काय, बघू. आधी हे गाडीचं मिटू द्या."

म्हणजे शीतलची नोकरी आता विमा कंपनीच्या हातात गेली.

कंपनीचा सर्व्हेअर आला. बारकासा माणूस, मोबाईलवर फोटो काढायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. आप्पा डबा घेऊन त्याच्या मागं मागं. त्यानं एकच कागद मागून घेतला, आप्पांनी सही केलेला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. "आपल्या दाव्याचा सहानुभूतिपूर्वक विचार करून तो नामंजूर करण्यात येत आहे." कारणं दोन. एक, आपल्याच लेखी कबुलीनुसार संपूर्ण चूक आपली. दोन, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमाधारकानं आपली चूक कबूल करायची नाही, अशी पॉलिसीत अट आहे; ती आपण मोडली. म्हणून ना तुमच्या गाडीचं, ना त्यांच्या गाडीचं.

मी पॉलिसी काढून बघितली. अट होती, मुंगीच्या अक्षरात. मला हसू आवरेना. हीच अट आप्पांनी साठ वर्षं न वाचता पाळली होती. जन्मात एकदा मोडली, आणि नेमकी तेव्हाच कंपनी दारात उभी होती.

आप्पांना हसू आलं नाही. "लेखी दिलंय त्यांनी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माजी चूक हाय आसं छापून दिलंय." आपणही लेखी दिलं होतं हे त्यांच्या गणतीतच नव्हतं. ती पाव्हण्यांपुढची रीत होती. रीत वेगळी आणि खरं वेगळं, हे कंपनीला कळायला नको? त्या दिवसापासून त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला, म्हणजे मला टायपिंगला बसवलं. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण माझ्या खोलीच्या पाण्याचा कॉक त्यांच्या हातात होता.

पेच असा होता. चूक आप्पांची नाही असं म्हणावं, तर ती व्याह्यांची ठरते. व्याह्यांची ठरली की नोकरी गेली. म्हणून आप्पांना अशी चूक हवी होती जी कुणाचीच नसेल. पहिल्या पत्रात आम्ही ती म्हशीला दिली: समोरून म्हैस आल्यामुळं अचानक वळावं लागलं. कंपनीनं म्हशीच्या मालकाचं नाव विचारलं. गावात म्हशी एकाकडंच होत्या आणि तो आप्पांचा चुलतभाऊ होता, म्हणून म्हैस मागं घेतली. दुसऱ्या पत्रात गतिरोधकाचे पट्टे पुसले होते. तिसऱ्यात ऊन डोळ्यांवर आलं. कंपनीनं कळवलं की अपघाताच्या वेळी ऊन डोक्यावर होतं. चौथ्या पत्रात आप्पांनी चाळीस टक्के ऊन, तीस टक्के गतिरोधक आणि तीस टक्के नशीब अशी रीतसर वाटणी करून पाठवली. मी सुचवलं की नशीब काढू. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मोठ्या कंपन्या नशिबाचाच तर धंदा करत्यात."

हे वाक्य मला आजही पटतं. बाकी सगळा वेडेपणा.

दर पत्राला तेच उत्तर येई. सहानुभूतीची काना-मात्राही बदलत नसे. मधल्या काळात आप्पा रस्त्यावरच्या अपघाताच्या रेघा फक्कीनं पुन्हा पुन्हा मारत. पावसानं धुतल्या की मारायच्या, डंपरनं पुसल्या की मारायच्या. येणारेजाणारे विचारायचे, कबड्डीचे सामने आहेत का. शीतलला ते फोन करत आणि पत्रात काय लिहिलं ते अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवत. आणि व्याही भेटले की म्हणत, "मिटलं का गाडीचं?"

सातव्या पत्रानंतर कंपनीनं पुण्याच्या ऑफिसात सुनावणीला बोलावलं. अपघाताच्या वेळी दोन्ही गाड्यांत जे होते त्यांचे जबाब हवे होते. आप्पांनी मला आधीच पढवलं. मी आरशात बघितलं होतं, व्याह्यांचा फोन बघितला होता, पण मी सांगायचं की मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. "तुमी समदे तसंच बसता. कुनाला बी पटंल," आप्पा म्हणाले. व्याह्यांनी स्वतः यायचं टाळलं. लेखी जबाब सुनेच्या हाती धाडला. घरची सून, ती आपल्याविरुद्ध कशी बोलेल, हा त्यांचा हिशेब. आप्पांचाही तोच होता.

समोर तक्रार अधिकारी म्हणून एक मध्यम वयाच्या बाई होत्या. शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आमची सात पत्रं ओळीनं मांडली.

"पहिल्यात म्हैस आहे, दुसऱ्यात पट्टे, तिसऱ्यात ऊन. यातलं नक्की काय धरायचं?"

"समदं," आप्पा म्हणाले.

मग माझा जबाब झाला. मी मोबाईल बघत होतो असं सांगितलं. बाईंनी ते लगेच लिहून घेतलं, जराही शंका न घेता, आणि मला त्याचाच जास्त अपमान वाटला.

शीतलनं सासऱ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे सासऱ्यांचं. त्यांनी लिहिलंय, चूक आमच्या आप्पांची. आता माझं लिहून घ्या. मी मागच्या सीटवर होते. सासरे फोनवर बोलत एका हातानं गाडी चालवत होते, पुढं त्यांचं लक्ष नव्हतं. आणि आप्पांनी वळताना इंडिकेटर दिला नाही. ते कधीच देत नाहीत."

एवढंच. बारा-पंधरा सेकंदांत. सात महिने आम्ही तिघं कर्ते पुरुष जे टाळत होतो, ते एवढंसं होतं.

आप्पा ताडकन उठले. "म्याडम, पोरीचं लिवू नका. ती घाबरलीया. पाव्हण्यांची काय बी चूक न्हाई. चूक माजी हाय. शंभर टक्के. म्या लेखी दिलंय की!"

"मग ही सात पत्रं कशासाठी लिहिलीत?" बाईंनी विचारलं.

 आप्पा टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि बाईंनी शीतलचा जबाब तिला वाचून दाखवून तिची सही घेतली. पुढं महिन्याभरानं निकाल आला, दोन्ही चालकांची जबाबदारी निम्मी निम्मी, दावा अंशतः मंजूर. म्हणजे आप्पा जिंकले. निकालाच्या पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. काकूंनीच ते उचलून देव्हाऱ्यामागं ठेवलं.

पण सुनावणीच्या दिवशी निकालाचं भान कुणाला होतं? बाहेर जिन्यापाशी येताच आप्पा लेकीवर फुटले. आवाज चढवत होते, पण तो चढत नव्हता.

"काय केलंस गं हे? सोताच्या पायावर धोंडा मारून घेतलास. आता इवाई जाऊ देतोय व्हय तुला नोकरीला? तुज्यासाटी म्या त्या दिशी टोपी काडली. ह्या वयात."

 शीतलच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी जातीया आप्पा नोकरीला. तीन महिनं झालं."

"आन् इवाई?"

"चिडल्यात. जेवताना बोलत न्हाईत माज्याशी. नका बोलू म्हनलं. ह्यांनी सोडलं मला पहिल्या दिवशी, आता कंपनीची बस येती."

"मंग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं? आठवड्याला फोन करत हुता. म्हैस कुटं हुती, ऊन कुटं हुतं, फक्की कितव्यांदा मारली, समदं आयकलं मी. 'तुजं काय चाललंय' एवढं काय इचारलं न्हाईत. तवा बॉनेटवर कागद लिवला, तवा बी मी तितंच हुती. तुमच्यातल्या एकानं बी माज्याकडं बगितलं न्हाई."

'तुमच्यातल्या' म्हणताना तिनं माझ्याकडंही बघितलं. मग तिनं घड्याळ बघितलं, अर्ध्या दिवसाचीच रजा आहे म्हणाली, वडिलांच्या पाया पडली आणि जिना उतरून गेली.

आप्पा फाइल छातीशी धरून बराच वेळ कठड्यापाशी उभे होते. मला वाटलं, आता टक्के निघणार. मी मनातल्या मनात माझा आकडा मोठा धरून ठेवला होता.

"सायेब," ते म्हणाले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "ती तितं काम काय करती? म्हंजी नेमकं काय?"

मला माहीत नव्हतं. सात पत्रं मी टाइप केली होती, तिच्या नोकरीसाठी म्हणून. मी म्हणालो, "तिलाच विचारा, आप्पा." आम्ही दोघांनी कठड्यावरून खाली वाकून बघितलं, पण तोवर तिची रिक्षा निघून गेली होती.